बाईसाहेबांचा नाल

आत्याच्या फाटकावर पाटी आहे, ‘फक्त जोडप्यांसाठी’. रंगाऱ्याने हौसेने कोपऱ्यात दोन बदाम काढून दिले होते, ते आत्याने दुसऱ्याच दिवशी खरवडून टाकले. जोडपी आली की बदाम आपले आपण येतात, ते आधीच चिकटवायला ही काय लग्नाची पत्रिका आहे, असं तिचं म्हणणं. रंगारी बिचारा अजून तिच्या फाटकावरून सायकल नेताना मान खाली घालतो.

हा सगळा मुलूख घोड्यांचा. टेकड्यांच्या उतारावर लांबच लांब पांढरी कुंपणं, कुंपणात घोड्या, त्यांच्या पोटाशी शिंगरं, आणि कुंपणाला टेकून उभी असलेली माणसं. त्यांतल्या प्रत्येकाला वाटतं की घोड्यातलं आपल्याएवढं कोणालाच कळत नाही. शहरातली जोडपी इथे दोन दिवसांसाठी येतात. मोकळी हवा खायला आलो, असं सांगतात. खरं तर घरी एकमेकांकडे बघायला सवड झालेली नसते, ती इथे काढायची असते. आत्याकडे त्यांच्यासाठी चार खोल्या आहेत. पूर्वी ती तिच्या भावाची पागा होती. दोन-दोन घोड्यांच्या मधल्या भिंती पाडून एकेक खोली केली, फरशी घासून घासून वास घालवला, पण दारं मात्र जुनीच ठेवली, वरचा आणि खालचा भाग वेगवेगळा उघडणारी. शहरी पाहुणे खालचं अर्धं दार लावतात आणि वरचं विसरतात. मग बाईसाहेब तिथून डोकं आत घालतात.

बाईसाहेब म्हणजे आत्याची घोडी, पागेच्या टोकाचं एक ठाण तिच्यासाठी राखलेलं. रंग तपकिरी, पोट सुटलेलं, स्वभाव खाष्ट सासूचा. एका नव्या नवऱ्याने डोळे मिटून ज्या गालाचा मुका घेतला तो गाल बायकोचा नव्हता, ही गोष्ट आत्या कोणालाही सांगत नाही. म्हणजे विचारलं तरच सांगते, आणि लोक विचारतात. तो मुलगा अजून दर वर्षी येतो. आल्या आल्या आधी वरचं दार लावतो.

जोडपं गाडीतून उतरत असताना आत्या व्हरांड्यात उभी राहून बघते. कोण आधी उतरतं, बॅग कोण उचलतं, गाडीचं दार कोण आपटतं. घोडा घेताना लोक कान बघतात, ही माणसांचे खांदे बघते. भांडून आलेत असं दिसलं तर ती गोड बोलत नाही की उपदेश करत नाही. सूप आणि पाव वाढते आणि सांगते, संध्याकाळी बग्गीतून फिरून येऊ. बग्गी ती स्वतः हाकते. वाट ठरलेली, ओढ्याकडून वर आणि मोठ्या स्टड फार्मच्या कुंपणाकडेने. त्या कुंपणाच्या एका कोपऱ्यात फार्मचा पैदाशीचा काळा घोडा चरत असतो. तो दिसला की बाईसाहेब थांबतात. या वयात त्यांना त्याचं काय करायचंय देव जाणे, पण थांबतात. मग चाबूक दाखवा, गाजर दाखवा, आभाळ कोसळलं तरी पाऊल हलत नाही. आत्या मागे वळून सांगते की आपला नाइलाज आहे, टोपी डोळ्यांवर ओढते आणि घोरायचं सोंग घेते.

मागे बसलेल्या दोघांना आता एकमेकांशिवाय बोलायला कोणी नसतं. पहिल्यांदा ती घोडीला नावं ठेवतात, मग आत्याला, मग एकमेकांना, आणि बोलता बोलता खरं काय खुपतंय ते बाहेर पडतं. कितीतरी संसार त्या कोपऱ्यावर ताळ्यावर आलेत. आत्या टोपीखालून सगळं ऐकत असते. इतकी वर्षं ऐकून ऐकून आता तिला नवराबायकोच्या भांडणात घोडं कुठे पेंड खातंय ते सूप संपायच्या आत कळतं.

आणि हिचं स्वतःचं लग्न झालेलं नाही.

आत्या कोणाची आत्या, तर एका भाचीची. पण भाचीने मारलेली हाक सगळ्या पंचक्रोशीने उचलली. टपालवाला तिच्याहून वयाने मोठा आहे, तोही आत्याच म्हणतो. भावजय गेली तेव्हा ती चार दिवस राहायला म्हणून भावाकडे आली. भाची लहान, घोड्या व्यायला झालेल्या, भाऊ भोळा सांब. चार दिवसांची वर्षं कधी झाली तिलाच कळलं नाही. मधे दोन स्थळं आली होती. पहिल्याने विचारलं, तुमच्या अंगाला घोड्याचा वास येतो का? आत्या म्हणाली, मला तरी येत नाही, पण तुमच्या अंगाला येतोय तो कशाचा? दुसऱ्याला पहिल्याने काय सांगितलं कोण जाणे, तो बग्गीतून उतरलाच नाही. पुढे भाची लग्न होऊन गेली, भाऊ वारला, घोड्या एकेक करून मोठ्या फार्मने घेतल्या. उरल्या बाईसाहेब. त्यांना कोणी मागणी घातली नाही.

खोल्या काढायची युक्ती भाचीची. आत्याने विचारलं, जोडप्यांसाठीच का? भाची म्हणाली, एकटा माणूस आला तर तू त्याच्याशी भांडत बसशील, जोडपी निदान आपापसात भांडतील. आत्याला ते पटलं. एकट्या माणसाला जागा न देण्याचं तिचं स्वतःचं कारण मात्र वेगळं आहे. एकटा माणूस खिडकीत बसून दुसऱ्यांच्या जोड्या बघतो, मग त्याला जेवण जात नाही, असं ती म्हणते. हे तिने कुठे पाहिलं, ते कोणी विचारलेलं नाही.

आता नालबंदाबद्दल. नालबंद दर दीड महिन्याने येतो. हिरवा टेम्पो, मागे भट्टी, ऐरण, हातोडे, कमरेला चामड्याचा एप्रन आणि तोंडात मिठाची गुळणी. या भागातल्या झाडून सगळ्या घोड्यांचे पाय त्याच्या मांडीवरून गेलेत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलं शहरात आपापल्या घरी. घोड्यांशी तो तासन् तास बोलतो, माणसांच्या वाट्याला ‘बरं’, ‘हं’ आणि ‘चहा चालेल’ एवढंच येतं. पण आत्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर टेकला की त्याची जीभ सैल होते. कुठला घोडा लबाड, कुठला मालक घोड्याहून लबाड, हे तो असं काही तोंड करून सांगतो की आत्या हसून हसून बेजार होते. खोल्यांतली जोडपी बाहेर डोकावून बघतात, काय झालं म्हणून.

दोन वर्षांपूर्वी बाईसाहेबांचा नाल खरोखरच पडला. ओढ्यातल्या दगडात अडकला आणि निघाला. आत्याने फोन केला, नालबंद दुसऱ्या दिवशी आला, नाल ठोकला, चहा दोनदा झाला आणि ऊन उतरल्यावर तो गेला. तो गेल्यावर आत्याच्या लक्षात आलं की त्याची नेहमीची फेरी तर अजून लांबच आहे. आजचं त्याचं येणं वरकड झालं. चटक लागायला माणसाला एवढं पुरतं.

मग काय, जे करू नये ते केलं. भावाच्या पेटीत पक्कड होती, छिन्नी होती, आणि घोडीचा पाय दोन गुडघ्यांत धरायचं तंत्र तर आत्याला केव्हाच आलेलं होतं. नाल बसवताना खिळ्यांची टोकं खुराच्या बाहेर काढून मुरडतात. ती छिन्नीने सरळ करायची, पकडीने नाल टाचेकडून उचकटायचा आणि ओढ्याच्या वाटेवर नेऊन टाकायचा. सकाळी पाहुणे साखरझोपेत असताना हे उरकायचं. बाईसाहेब मान वळवून अशा बघायच्या की आत्याला शरम वाटायची, पण शरमेवर गाजराचा उतारा होता. म्हणजे गाजर घोडीला. मग फोन करायचा, नालबंद, बाईसाहेबांचा नाल पडला. पलीकडून ‘बरं’. एवढंच बोलणं, पण ते करण्याआधी आत्या केस विंचरायची. फोनवर बोलायला, केस.

आधी हे कधीमधी चालायचं, मग अति तिथे माती झाली. एकदा तर नाल वाटेवर सापडला आणि आदल्या दिवशी बग्गी बाहेर पडलीच नव्हती. बायकोबरोबर आलेल्या एका निवृत्त मास्तरांनी तो उचलून आणला आणि घोडी इथे तर नाल तिथे कसा, असा प्रश्न भर नाश्त्याला टाकला. आत्या म्हणाली, मास्तर, अंडं गार होतंय. आणखी एकदा पक्कड निसटली आणि तिच्या तळहाताची साल निघाली. पट्टी बघून नालबंदाने विचारलं, काय झालं. सुरी लागली, आत्या म्हणाली. बरं, नालबंद म्हणाला.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग एका सकाळी आत्या पक्कड-छिन्नी घेऊन बाईसाहेबांच्या मागच्या पायाशी वाकली आणि छिन्नीची गरजच पडली नाही. खिळ्यांची टोकं मुरडलेली नव्हती, नुसती दाबून ठेवल्यासारखी होती. पकडीने जरा धरला आणि नाल हातात आला, पायातून चप्पल निघावी तसा.

आत्या तिथेच गवताच्या गठ्ठ्यावर बसली. ज्या माणसाने आयुष्यात एक खिळा आळसाने ठोकला नाही, त्याचं काम असं? याचा अर्थ एकच, हात गेला त्याचा. बोटांत ताकद राहिली नाही आणि गडी कोणाला सांगत नाही. नालबंदाचा हात गेला म्हणजे टेम्पो विकला जाणार, नालबंद शहरात मुलाकडे जाणार, आणि तिथे नातवंडांना शाळेत सोडून भाजी घेऊन घरी येणार. मग बाईसाहेबांचे चारही नाल उपटले तरी तो काही यायचा नाही. तिने फोन केला. त्या दिवशी केस विंचरायचं राहून गेलं. नालबंद म्हणाला, उद्या सकाळी येतो.

त्याच संध्याकाळी मोठ्या स्टड फार्मचा मॅनेजर बायकोला घेऊन राहायला आला. लग्नाचा वाढदिवस होता. बायकोने त्याला सांगितलं होतं, जिथे घोडे दिसणार नाहीत अशा ठिकाणी मला एकदा तरी घेऊन जा. त्याने बराच विचार केला आणि तिला आत्याच्या पागेत आणलं. मॅनेजरीणबाईंनी वरच्या दारातून आत आलेलं बाईसाहेबांचं तोंड पाहिलं, मग नवऱ्याचं तोंड पाहिलं आणि उशी पलंगाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली. आत्याने मनाशी म्हटलं, यांना बग्गीशिवाय गत्यंतर नाही. पण बग्गी निघणार कशी, घोडी तीन नालांवर.

सकाळी नाश्त्याला तेच निघालं. नाल पुन्हा पडल्याचं ऐकून मॅनेजरने चमचा खाली ठेवला. तो म्हणाला, वर्षभर मी हेच ऐकतोय. आत्याची घोडी चालते ती कितीशी, तीही गवतावरून. तिच्या पायात या माणसाचा नाल टिकत नसेल तर आमच्या घोड्यांच्या पायात काय टिकणार? फार्मवर अजून काही झालेलं नाही, पण होईपर्यंत थांबायचं का? शहरातला एक तरुण नालबंद यायला तयार आहे, परवा त्याला कळवायचंय. फार्मने माणूस बदलला की बाकीचे मालक मेंढरांसारखे मागून जातील, हे मॅनेजरने सांगितलं नाही. ते आत्याला त्याने सांगायची गरजही नव्हती.

“आत्या, तुम्ही सरळ बोलणारं माणूस,” मॅनेजर म्हणाला. “तुम्हीच सांगा, त्याचा हात राहिलाय का?”

आत्याची पाचावर धारण बसली. आतापर्यंतचे नाल आपण उपटले हे सांगावं, तर अब्रूचं खोबरं होणार. जिच्या फाटकावरून रंगारी मान खाली घालून जातो, ती आत्या पहाटे उठून स्वतःच्या घोडीचे नाल चोरते, आणि ते कशासाठी, तर चहाला माणूस यावा म्हणून. गप्प बसावं, तर तिच्या खोडीपायी त्याच्या पोटावर पाय येणार. आणि समजा, लाज गुंडाळून सांगितलंच, तरी कालच्या नालाचं काय? तो तर खरंच सैल होता. हात शाबूत आहे म्हणून छातीठोकपणे सांगायचं आणि उद्या फार्मच्या घोड्याचा नाल धावताना सुटला, वरचा पोरगा डोक्यावर पडला, म्हणजे? करायला गेले काय आणि झालं काय, असं तिला झालं. तिने सांगितलं, दुपारपर्यंत सांगते. मॅनेजर म्हणाला, त्यात दुपार कशाला हवी, हो की नाही एवढंच तर सांगायचंय. त्याची बायको म्हणाली, अहो, टोस्ट खा.

नालबंद आला. आज आत्याने चहाचं विचारलं नाही, थेट बाईसाहेबांच्या ठाणाकडे घेऊन गेली आणि दारात हाताची घडी घालून उभी राहिली. नालबंदाने एप्रन बांधला, पाय उचलून मांडीवर घेतला आणि बराच वेळ खुराकडे बघत राहिला.

“खिळे नीट मुरडले नव्हते तुम्ही,” आत्या म्हणाली.

नालबंदाने मान वर केली नाही. “पडलेल्या नालावरून ते कळत नाही,” तो म्हणाला. “काढलेल्या नालावरून कळतं.”

पुष्कळ जोडप्यांना तिने कोंडीत धरलं होतं, पण स्वतः कोंडीत सापडायची ही पहिलीच वेळ. बाईसाहेबांनी शेपूट हलवलं. शेवटी आत्या म्हणाली, मी काढला. हाही आणि आधीचेही.

नालबंद म्हणाला, माहीत आहे. मग त्याने सांगितलं की नाल आपला आपण पडला की खिळे वाकडे होतात आणि खुराचा टवका निघतो. आत्याच्या नालांचे खिळे सुईसारखे सरळ असायचे. त्याला दुसऱ्याच खेपेला कळलं होतं.

आत्या भडकली. लाज वाटली की तिला आधी राग येतो, हा तिचा जुना स्वभाव. दोन वर्षं माहीत होतं आणि हा माणूस फोनवर नुसता ‘बरं’ म्हणत राहिला. सुरी लागली म्हटलं तेव्हाही बरं. तिने त्याला मनातल्या मनात चार शिव्या दिल्या, मग कशासाठी त्याला इथे उभा केलाय ते तिला आठवलं, आणि राग कुठल्या कुठे गेला.

“माझं राहू द्या,” ती म्हणाली. “हा नाल असा का ठोकलात? हात दुखतो का? दाखवा बघू.”

आणि त्याने दाखवायची वाट न बघता तिने त्याचा हात धरला, उलटा केला, सुलटा केला, बोटं एकेक वाकवून बघितली. घोड्याचा पाय तपासावा तसा तपासला. नालबंदाने तो काढून घेतला नाही. हात जसा असायचा तसाच होता, जाड, भाजल्याच्या डागांचा, आणि त्याने तिची बोटं उलट अशी घट्ट धरली की शंकेला जागा राहिली नाही.

“हात ठीक आहे,” नालबंद म्हणाला. मग तो बाईसाहेबांच्या पाठीकडे बघत बोलला. “तुमच्या तळहाताची साल निघाली होती ना, म्हणून या खेपेला सैल ठोकला. तुम्ही ओढणार तर होतातच. म्हटलं, निदान लागू तरी नये.”

लोक तुझ्याबद्दल काय बोलतात ते ऐकलंयस का, एवढं आत्याने कसंबसं विचारलं, आणि घाईत तुम्हीचं तू झालं. नालबंद म्हणाला, ऐकलंय. हात गेला म्हणतात. वर्षभर त्याच्या कानावर येत होतं आणि तरीही त्याने आत्याच्या घोडीचे खिळे नुसतेच दाबून ठेवले होते. आत्याने मॅनेजरचं सगळं सांगितलं, नवा माणूस येतोय ते, परवाचा निरोप. नालबंदाने खांदे उडवले. फार्म गेला तर गेला, तो म्हणाला, खरं सांगायला जाल तर तुमचं हसं होईल, ते मला नको.

मग त्याने हातोडा घेतला नाही, पक्कड घेतली आणि बाईसाहेबांचे उरलेले तीन नालही काढायला लागला. सारखे खिळे बसून खुराची चाळण झालीय, त्याने सांगितलं. आता वर्षभर तरी हिला अनवाणी राहू द्या, बग्गी गवतावरून हाका, काही बिघडत नाही. म्हणजे वर्षभर नालबंदाचं या घरी काही काम नाही. हे त्याने तोंडाने म्हटलं नाही, पण नाल काढून होईपर्यंत दोघांनीही एकमेकांकडे बघितलं नाही.

आत्या बाहेर आली. व्हरांड्यासमोरच्या टेबलावर सगळी जोडपी उन्हात कॉफी पीत बसली होती, मॅनेजर आणि त्याची बायकोही. आत्या सरळ त्या टेबलाशी गेली आणि भावाची जुनी पक्कड कपबश्यांच्या मधे ठेवली. ठेवली म्हणजे आपटली.

तिने मॅनेजरला सांगितलं की नालबंदाचा हात होता तसाच आहे. नाल पडत नव्हते, ती काढत होती. पहिला एक सोडला तर सगळे. मॅनेजर आधी हसला, मग हसायचा थांबला, कारण आत्या हसत नव्हती. स्वतःच्या घोडीचे नाल स्वतःच काढायचे आणि पुन्हा बसवून घ्यायचे, हा काय प्रकार आहे, त्याने विचारलं. टेबलावरच्या बायकांना एव्हाना कळलं होतं. मॅनेजरीणबाईंनी टेबलाखालून नवऱ्याच्या नडगीवर लाथ मारली. अगं लाथ काय मारतेस, तो म्हणाला, मी साधा प्रश्न विचारतोय, का काढत होत्या?

निमित्तं दहा होती. घोडीचा पाय सुजला होता, नाल चुकीच्या मापाचा वाटला, म्हातारपणी काहीतरी खूळ भरलं. आत्याच्या जिभेवर सगळी येऊन गेली. पागेच्या दारात नालबंद येऊन उभा राहिला होता, हातात काढलेले नाल, आणि नकारार्थी मान हलवत होता. नका सांगू म्हणून.

“हा माणूस दीड महिन्याने एकदा येतो,” आत्या म्हणाली. “मला तेवढं पुरत नाही.”

एका नव्या नवरीचा चमचा खाली पडला आणि तो उचलायचंही कोणाला सुचलं नाही. सगळी जोडपी एकदम वळून नालबंदाकडे बघायला लागली. आत्या मात्र कोणाकडेच बघेना. तिने भराभर कप गोळा करायला घेतले, रिकामे आणि भरलेले सरसकट, आणि कोणी आपला कप मागायची हिंमत केली नाही. तिचे कान लाल झाले होते.

नालबंदाने हातातले नाल पागेच्या उंबऱ्याशी ठेवले आणि तो टेम्पोकडे गेला. टेम्पोच्या मागच्या फळीची साखळी वाजली. आत्याला वाटलं, निघाला. झालं, वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो, सांगून टाकलं तेच बरं केलं, असं ती स्वतःला समजावत होती आणि ट्रेमध्ये कप एकावर एक रचत होती. मग बराच वेळ नुसता लोखंडाचा आवाज येत राहिला. टेम्पो काही सुरू होईना.

“साहेब,” नालबंदाने मॅनेजरला हाक मारली, “जरा हात लावता का? एकट्याने उतरत नाही.”

तो ऐरणीचे बोल्ट काढत होता. फिरता नालबंद ऐरण टेम्पोच्या तळाला घट्ट बसवून ठेवतो आणि तिथेच वापरतो. कामावर गेल्यावर ती कोणी उतरवत नाही. उतरवायची ती फक्त राहत्या घरी. हे घोड्यांच्या मुलखात शेंबड्या पोरालाही माहीत असतं, मॅनेजरला तर असतंच. त्याचं तोंड जे उघडलं ते मिटायला वेळ लागला. मग तो सुट्टीसाठी खास शिवलेल्या पांढऱ्या पॅंटीसकट उठला, आणखी दोन नवरे उठले, आणि चौघांनी मिळून ऐरण उचलली. एका बाजूला ते तिघे कण्हत होते आणि दुसऱ्या बाजूला एकटा नालबंद. हात गेलेला म्हणे.

मॅनेजरने धापा टाकत तिथल्या तिथे सांगून टाकलं की सोमवारी फार्मवर या, आमच्या घोड्या खोळंबल्यात, दुसऱ्या कोणाला मी कळवत नाही. ऐरण पागेच्या भिंतीशी नेली तेव्हा आत्याला वाचा फुटली. इथे नको, बग्गी कुठून जाणार? तिथे नेली, तर तिथे सावली नाही, उन्हात ठोकत बसणार का? तिसऱ्यांदा उचलायला लावली तेव्हा मॅनेजरच्या पॅंटीला गंजाचा पट्टा उमटला होता आणि त्याची बायको इतकी हसत होती की तिला खुर्ची धरावी लागली. लग्नाच्या वाढदिवसाला पहिल्यांदाच मजा येतेय, ती म्हणाली. अखेर स्वयंपाकघराच्या खिडकीखाली जागा पसंत पडली. नवरे आपापल्या बायकांकडे घाम पुसत परत गेले.

नालबंद ऐरणीवर हात ठेवून उभा राहिला. ती सपाट बसली का, त्याने दोनदा हलवून बघितलं.

“पहाटेच ठोकाठोक सुरू होते माझी,” तो म्हणाला. “आधीच सांगून ठेवतो. झोपमोड होईल.”

“मी उठलेलीच असते,” आत्या म्हणाली.